केळीच्या खेपांचा कॉलडेटा: एबीआय एन्कोड-डिकोड करताना नेमकं कुठे बिघडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. रावेर भागातल्या शेतकरी गटासाठी केळीच्या खेपा नोंदवणारा एक स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्रॅम) चाचणी नेटवर्कवर चढवलाय. त्यातल्या 'नोंदव' या फंक्शनला गावाचं नाव, एकूण वजन आणि नमुन्याच्या घडांची वजनं जातात. व्यवहार नीट होतो. पण तोच डेटा जावास्क्रिप्टमधून परत वाचायला गेलं की कधी ओव्हरफ्लोची एरर येते, कधी गावाच्या नावाऐवजी चिन्हांचा कचरा दिसतो, कधी उत्तर रिकामंच असतं. केऱ्हाळ्याच्या नोंदी गावाच्या नावानं शोधल्या तर त्यातल्या काही सापडतच नाहीत. ईथर्स ही जावास्क्रिप्टची लायब्ररी सोडून दुसरी घ्यावी का, असं विचारलंय.

भाऊ, लायब्ररी बदलून यातलं काहीही सुटणार नाही. ईथर्स, व्हिएम, वेब३ या सगळ्यांचं काम एकच आहे आणि नियमही एकच. मुळात एक गोष्ट ध्यानात घ्या: एन्कोड केलेल्या डेटात प्रकार लिहिलेले नसतात. जेसनमध्ये निदान अवतरणचिन्ह पाहून हा मजकूर आहे एवढं तरी कळतं. इथे फक्त ३२-३२ बाइटचे तुकडे एकामागून एक लावलेले असतात. कोणता तुकडा आकडा, कोणता पत्ता, कोणता दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारा, हे सगळं तुमच्या हातातल्या एबीआयमध्ये, म्हणजे कॉन्ट्रॅक्टची फंक्शन आणि त्यांचे प्रकार सांगणाऱ्या यादीत असतं. तो एबीआय कॉन्ट्रॅक्टपेक्षा जरासा जरी वेगळा असला, तर लायब्ररी एक तर एरर देते, नाहीतर मुकाट्यानं चुकीचं उत्तर देते. दुसरी गत जास्त वाईट. म्हणून हे तुकडे डोळ्यांनी वाचता आले पाहिजेत. एकदा ते जमलं की तुमच्या चारही अडचणींचं मूळ लगेच दिसतं.

उदाहरण तुमचंच घेऊ. सही (नाव आणि आर्ग्युमेंटचे प्रकार) अशी: नोंदव(स्ट्रिंग, युइंट२५६, युइंट२५६[]). युइंट२५६ म्हणजे २५६ बिटचा बिनचिन्ही पूर्णांक. किंमती अशा: गाव 'रावेर', वजन १२५० किलो, नमुन्याच्या तीन घडांची वजनं १८, २२ आणि २० किलो. हेक्स म्हणजे १६ च्या पायाचे अंक; त्यातली अक्षरं इथे ए ते एफ अशी देवनागरीत लिहितो आणि मधली शून्यं टिंबांनी दाखवतो. सुरुवातीचे ४ बाइट सिलेक्टरचे, म्हणजे कोणतं फंक्शन बोलावलंय ते सांगणारे. ते बाजूला काढल्यावर नऊ तुकडे उरतात:

बाइट ०: ००००…००६०
बाइट ३२: ००००…०४ई२
बाइट ६४: ००००…००ए०
बाइट ९६: ००००…०००एफ
बाइट १२८: ई०ए४बी० ई०ए४बीई ई०ए४बी५ ई०ए५८७ ई०ए४बी० आणि पुढे शून्यं
बाइट १६०: ००००…०००३
बाइट १९२: ००००…००१२
बाइट २२४: ००००…००१६
बाइट २५६: ००००…००१४

पहिले तीन तुकडे म्हणजे डोकं: जितके आर्ग्युमेंट तितके तुकडे. वजनाची लांबी ठरलेली असल्यामुळे ते थेट डोक्यात बसलं. ४ई२ म्हणजे १२५०. स्ट्रिंग आणि अ‍ॅरेची लांबी आधी ठाऊक नसते, म्हणून त्यांच्या जागी ऑफसेट येतो. पहिला ऑफसेट ६०, म्हणजे दशमानात ९६. सिलेक्टर सोडून ९६ बाइट पुढे गेलात की स्ट्रिंगची लांबी भेटते: एफ, म्हणजे १५. त्यापुढे ते १५ बाइट आणि ३२ भरेपर्यंत उजवीकडे शून्यं. तिसऱ्या तुकड्यातला ए० म्हणजे १६०. तिथे अ‍ॅरेची लांबी ३ आणि पुढे तीन वजनं. एकूण २८८ बाइट, सिलेक्टर धरून २९२.

भरतीची दिशा पाठच करून टाका. आकडा, पत्ता आणि बूल (खरं-खोटं) यांना शून्यं डावीकडून लागतात. मजकूर, बाइट्स आणि बाइट्स३२ सारखे ठरलेल्या लांबीचे बाइट्स यांना उजवीकडून. ऋण आकड्याला डावीकडून शून्याऐवजी एफ लागतात, त्यामुळे उणे १ म्हणजे नुसते चौसष्ट एफ. तो चुकून बिनचिन्ही आकडा म्हणून वाचला तर ११५७९२०८९ नं सुरू होणारा ७८ आकडी राक्षस समोर येतो. तसा आकडा दिसला की एबीआयमध्ये इंटच्या जागी युइंट पडलंय का ते आधी बघा. टोकनच्या अप्रूव्हमध्ये (दुसऱ्याला टोकन खर्चायची परवानगी देणाऱ्या फंक्शनमध्ये) मात्र तोच आकडा 'अमर्याद परवानगी' म्हणून मुद्दाम दिलेला असतो, तिथे घाबरू नका.

आता तुमचा ओव्हरफ्लो. एक्सप्लोररवरून (साखळीवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवरून) उचललेला पूर्ण कॉलडेटा, म्हणजे फंक्शनला पाठवलेले सगळे बाइट, तुम्ही एबीआयकोडरच्या डिकोडला दिलाय, आणि त्याला सिलेक्टर असतो हे माहीतच नाही. ते ४ बाइट पहिल्या तुकड्यात घुसले आणि पुढचं सगळं ४ बाइटनं सरकलं. साठचा ऑफसेट जिथे असायला हवा तिथे सिलेक्टरनं सुरू होणारा अवाढव्य आकडा आला. लायब्ररी त्या जागी जायला बघते आणि 'ओव्हरफ्लो' किंवा 'डेटाच्या हद्दीबाहेर' म्हणून थांबते. हे तुमचं नशीबच म्हणायचं, कारण सगळे आर्ग्युमेंट युइंट२५६ असते तर एरर आलीच नसती. सरकलेले चुकीचे आकडे मुकाट परत आले असते आणि शेवटी उरलेल्या ४ बाइटकडे लायब्ररीनं बघितलंही नसतं.

उपाय दोन. एक तर इंटरफेस वापरा. ईथर्समध्ये इंटरफेस.डिकोडफंक्शनडेटा किंवा पार्सट्रान्झॅक्शन, व्हिएममध्ये डिकोडफंक्शनडेटा. हे सिलेक्टर ओळखून स्वतःच वेगळा करतात. नाहीतर कोडरच वापरायचा असेल तर आधी डेटास्लाइस(डेटा, ४) करून उरलेलं द्या. जावास्क्रिप्टच्या साध्या स्ट्रिंग.स्लाइसनं कापत असाल तर १० पासून कापावं लागतं, कारण पुढच्या 'शून्य-एक्स'ची २ आणि सिलेक्टरची ८ अक्षरं. कापल्यावर 'शून्य-एक्स' परत जोडायला विसरू नका.

कोणत्या डेटाला सिलेक्टर असतो याचा गोंधळ फार जणांचा होतो. कॉलडेटाला असतो. रिव्हर्टच्या, म्हणजे फसून मागे फिरलेल्या कॉलच्या, डेटालाही असतो. फंक्शनच्या परतीच्या उत्तराला नसतो, इव्हेंटच्या (कॉन्ट्रॅक्टनं लॉगमध्ये केलेल्या नोंदीच्या) डेटाला नसतो, कन्स्ट्रक्टरच्या आर्ग्युमेंटलाही नसतो; ते थेट बाइटकोडच्या शेवटी चिकटवलेले असतात. ओळखायची सोपी खूण: 'शून्य-एक्स' सोडून हेक्सची अक्षरं मोजा आणि ६४ नं भागा. बाकी ८ उरली तर सिलेक्टर आहे, बाकी शून्य असेल तर नाही. आपल्या उदाहरणात ५८४ अक्षरं, भागाकार ९, बाकी ८. बाकी आणखी काही उरत असेल तर कॉपी करताना डेटा तुटलाय किंवा तो पॅक केलेला, म्हणजे भरती न करता सलग जोडलेला आहे.

सिलेक्टर स्वतः कसा निघतो तेही सांगतो, कारण तो हातानं काढताना हमखास चुकतो. फंक्शनची सही घ्यायची, तिचा केचॅक-२५६ हॅश (मजकुरावरून निघणारा ठरावीक लांबीचा ठसा) काढायचा आणि पहिले ४ बाइट ठेवायचे. सहीत मोकळी जागा नको, आर्ग्युमेंटची नावं नकोत, परतीचा प्रकार नको. युइंट असं लिहिलेलं असेल तर ते युइंट२५६ करायचं. इनमचं युइंट८ होतं, कॉन्ट्रॅक्ट प्रकाराचं आणि पेएबल पत्त्याचं साधं अ‍ॅड्रेस होतं, स्ट्रक्टचं (अनेक घटकांच्या गठ्ठ्याचं) नाव जाऊन कंसात त्याचे घटक येतात. खातरजमेला ठेवा: ट्रान्सफर(अ‍ॅड्रेस,युइंट२५६) चा सिलेक्टर ए९०५९सीबीबी, बॅलन्सऑफ(अ‍ॅड्रेस) चा ७०ए०८२३१. तुमच्या कोडमधून हे दोन बरोबर आले तर हॅश बरोबर आहे.

ते चुकले तर बहुतेक वेळा नोड.जेएसच्या क्रिप्टोमधला 'शा३-२५६' वापरलेला असतो. इथेरियमचा केचॅक हा ऑगस्ट २०१५ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेनं पक्का केलेल्या शा-३ पेक्षा भरतीच्या बाबतीत वेगळा आहे. रिकाम्या मजकुराचा हॅश काढून बघा. सी५डी२४६०१ नं सुरू झाला तर केचॅक, ए७एफएफसी६एफ८ नं सुरू झाला तर तुम्ही मानक शा-३ वापरताय. लायब्ररीतलंच केचॅक२५६ वापरा, प्रश्न मिटतो.

४ बाइट म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता. ही संख्या मोठी वाटते, पण दोन वेगळ्या फंक्शनचे सिलेक्टर जुळणं अशक्य नाही. बर्न(युइंट२५६) चा ४२९६६सी६८ हा सिलेक्टर मुद्दाम शोधून काढलेल्या एका भलत्याच नावाच्या फंक्शनशी जुळतो, हे जाहीर उदाहरण आहे. म्हणून सिलेक्टरच्या सार्वजनिक यादीतून सापडलेली सही हा अंदाज समजा, पुरावा नाही.

पुढे तुम्ही तीन आर्ग्युमेंटऐवजी एक स्ट्रक्ट पाठवायचं ठरवाल, कारण घटक वाढले की तसंच करावं लागतं. तेव्हा ही गोष्ट आडवी येते. स्ट्रक्टमध्ये एक जरी स्ट्रिंग किंवा अ‍ॅरे असला तर पूर्ण स्ट्रक्टच बदलत्या लांबीचा धरला जातो आणि त्याच्यापुढे आणखी एक ऑफसेट बसतो. डेटा २० हेक्सनं, म्हणजे ३२ नं सुरू होतो आणि त्याखाली मघाचा ६० वाला तुकडा दिसतो. असा डेटा सुटे घटक म्हणून डिकोड केलात तर लायब्ररी २० ला स्ट्रिंगचा ऑफसेट समजते, पुढच्या ६० ला तिची लांबी समजते आणि ९६ बाइटचा कचरा गावाचं नाव म्हणून वाचायला घेते. पहिला तुकडा २० आणि सहीत मात्र एकापेक्षा जास्त सुटे आर्ग्युमेंट, असं दिसलं की एबीआयमध्ये टपलचा (स्ट्रक्टचे घटक एकत्र धरणारा) कंस राहिलाय असं समजा. आतल्या स्ट्रिंगचे ऑफसेट त्या स्ट्रक्टच्या सुरुवातीपासून मोजायचे, पूर्ण डेटाच्या सुरुवातीपासून नाही. हातानं डिकोडर लिहिणारे इथेच अडकतात, आणि मी तरी हातानं डिकोडर लिहू नका असंच सांगेन. वाचायला शिका, लिहायचं काम लायब्ररीला द्या.

आता गावाच्या नावाचा कचरा. सॉलिडिटी या कॉन्ट्रॅक्ट लिहायच्या भाषेतली स्ट्रिंग यूटीएफ-८ मध्ये साठते, आणि तिथे देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते. 'खूण' म्हणजे आपण अक्षर म्हणतो ते नाही. 'रावेर'मध्ये र, काना, व, मात्रा, र अशा पाच खुणा, म्हणून १५ बाइट. वरच्या बाइट १२८ च्या ओळीत बघा: दर तीन बाइटला ई०ए४ किंवा ई०ए५ येतंय. देवनागरीची ही सगळ्यात सोपी ओळख आहे; हेक्समध्ये अशी लय दिसली की आत मराठी मजकूर आहे. कचरा दिसतो तो एक-एक बाइट सुटा घेऊन त्याचं फ्रॉमकॅरकोडनं अक्षर केल्यामुळे. बाइट सगळे एकत्र घ्या आणि टेक्स्टडिकोडर किंवा ईथर्सचं टूयूटीएफ८स्ट्रिंग वापरा. मुळात इंटरफेसनं डिकोड केलंत तर हे करावंच लागत नाही.

जागा वाचवायला नाव बाइट्स३२ मध्ये कोंबायचा मोह होतो. ईथर्सचं एन्कोडबाइट्स३२स्ट्रिंग जास्तीत जास्त ३१ बाइट घेतं, म्हणजे देवनागरीच्या १० खुणा. 'अक्कलकुवा' २७ बाइटमध्ये बसतं, 'मुक्ताईनगर' ३० मध्ये कसंबसं मावतं, पण त्यापुढे 'तालुका' जोडलात की एरर. आणि साठवणीत ३१ बाइटपर्यंतची स्ट्रिंग सॉलिडिटी एकाच ३२ बाइटच्या स्लॉटमध्ये ठेवते, त्यामुळे बाइट्स३२ करून विशेष काही वाचत नाही. स्ट्रिंगच ठेवा. एवढंच लक्षात असू द्या की कॉन्ट्रॅक्टच्या कोडमध्ये मराठी मजकूर लिहायचा तर अवतरणापुढे 'युनिकोड' हा शब्द लागतो, तो सॉलिडिटी ०.७.० पासून आहे. आणि फंक्शनची नावं देवनागरीत देता येत नाहीत, ती रोमन लिपीतच लागतात; इथलं 'नोंदव' फक्त वाचायच्या सोयीसाठी.

केऱ्हाळ्याची अडचण मात्र वेगळी आहे, आणि मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकानं ती समजून घेण्यासारखी आहे. 'केऱ्हाळे' या नावातला ऱ तीन प्रकारे टाइप होतो आणि पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पहिला प्रकार म्हणजे ऱ ही एकच खूण, ई०ए४बी१, तेव्हा पूर्ण नाव २४ बाइटचं. दुसऱ्यात साधा र आणि त्याला नुक्ता, ई०ए४बी० ई०ए४बीसी, तेव्हा २७ बाइट. तिसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडक, म्हणजे ई२८०८डी. हेही २७ बाइटच, पण बाइट वेगळे. कोणता प्रकार उमटेल हे फोनच्या कीबोर्डावर आणि टाइप करायच्या पद्धतीवर ठरतं.

तुमच्या इव्हेंटमध्ये गाव हे स्ट्रिंग असून त्यापुढे 'इंडेक्स्ड' लिहिलंय. इंडेक्स्ड स्ट्रिंगचा मजकूर लॉगमध्ये राहतच नाही. त्याचा फक्त केचॅक हॅश टॉपिकमध्ये, म्हणजे लॉगच्या शोधण्याजोग्या खान्यात जातो. त्या हॅशवरून गाव परत मिळत नाही, म्हणूनच ईथर्स तिथे नावाऐवजी हॅश असलेला 'इंडेक्स्ड' नावाचा ऑब्जेक्ट देतं. शोधताना तुम्ही दिलेल्या नावाचा हॅश काढून जुळवला जातो. एक बाइट इकडचा तिकडे झाला की हॅश पूर्ण बदलतो. म्हणून एका प्रकारे टाइप केलेल्या नोंदी सापडतात, बाकीच्या दोन प्रकारच्या डोळ्यांसमोर असून सापडत नाहीत.

साखळीवर गेलेलं बदलता येत नाही, पण जुन्या नोंदी शोधता येतात. नावाची तिन्ही रूपं बनवा, प्रत्येकाचा हॅश काढा, आणि लॉग मागताना टॉपिकमध्ये गावाच्या जागी एका हॅशऐवजी तिन्ही हॅशची यादी द्या. यादी दिली की नेटवर्कचा नोड 'यांपैकी कोणताही' असा अर्थ घेतो. नव्या नोंदींसाठी एकच सफाईचं फंक्शन लिहा आणि ते नोंदवताना आणि शोधताना दोन्हीकडे वापरा: आधी ट्रिम, मग नॉर्मलाइझ('एनएफसी'), म्हणजे युनिकोडचं एकसारखं रूप, मग र-हलन्त-जोडक या तिकडीच्या जागी ऱ-हलन्त. एनएफसी नुक्त्याचं रूप स्वतः सरळ करतं, पण अदृश्य जोडक काढत नाही, म्हणून तिसरी पायरी सोडता येत नाही. लायब्ररी यातलं काहीही आपणहून करत नाही आणि करूही नये, कारण कॉन्ट्रॅक्ट जे बाइट मिळतील त्याचाच हॅश काढतो.

खरं तर नावाची किल्ली करूच नये. जनगणनेचा सहा आकडी गावकोड युइंट३२ मध्ये इंडेक्स्ड ठेवा आणि नाव दाखवण्यापुरतं साध्या डेटात ठेवा. बुद्रुक-खुर्दचा गोंधळही त्यातच सुटतो. एका इव्हेंटमध्ये जास्तीत जास्त तीन घटक इंडेक्स्ड करता येतात, कारण चार टॉपिकमधला पहिला इव्हेंटच्या सहीच्या हॅशला जातो. आणि 'इंडेक्स्ड' हा शब्द सहीच्या हॅशमध्ये धरला जात नाही, म्हणून एबीआयमध्ये तो चुकीच्या घटकापुढे लागला तरी इव्हेंट ओळखला जातो आणि डिकोड चुकतं. याचं ठळक उदाहरण म्हणजे ईआरसी-२० आणि ईआरसी-७२१ या टोकनांच्या मानकांचे ट्रान्सफर इव्हेंट. दोघांचा पहिला टॉपिक एकच, डीडीएफ२५२एडी नं सुरू होणारा. फरक एवढाच की ७२१ मध्ये टोकन क्रमांकही इंडेक्स्ड असतो, म्हणून तिथे चार टॉपिक येतात आणि २० मध्ये तीन. डिकोड करण्याआधी टॉपिक मोजा.

आकड्यांबद्दल. जावास्क्रिप्टचा साधा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच भरवशाचा. एका ईथरचे वेई (त्याचं सगळ्यात लहान एकक) १ वर १८ शून्यं, म्हणजे ०.०१ ईथर होण्याआधीच नंबरची हद्द संपते. म्हणून ईथर्स ६ आणि व्हिएम बिगइंट (कितीही मोठा पूर्णांक धरणारा प्रकार) देतात. ईथर्स ५ बिगनंबर नावाचा स्वतःचा ऑब्जेक्ट देत असे, त्यामुळे जुन्या लेखांतलं .अ‍ॅड किंवा .एमयूएल इथे चालणार नाही. व्हिएमची आणखी एक सवय आहे: ४८ बिटपर्यंतचे प्रकार साधा नंबर म्हणून देतं, त्यापुढचे बिगइंट म्हणून. म्हणजे युइंट३२ गावकोड नंबर आणि युइंट२५६ वजन बिगइंट, एकाच उत्तरात. तीन बरोबरच्या चिन्हांनी दोघांची तुलना केली तर किंमत सारखी असूनही नकार येतो. बिगइंट जेसन.स्ट्रिंगिफायला दिला की टाइपएरर येते. तो स्ट्रिंग करून पाठवा, नंबर करून नाही.

घडाचं वजन साडेबारा किलो असेल तर? सॉलिडिटीत दशांश वापरण्याजोगा नाही. सगळी वजनं ग्रॅममध्ये ठेवा आणि पार्सयुनिट्स('१२.५', ३) करून १२५०० पाठवा. हा आकडा कोडमध्ये इंग्रजी अंकांतच द्यावा लागतो, देवनागरी अंक पार्सयुनिट्स घेत नाही. फॉर्ममध्ये शेतकरी देवनागरी अंक टाइप करणार असतील तर ते आधी बदलून घ्या. तीनपेक्षा जास्त दशांश दिले तर ईथर्स एरर देतं, व्हिएम मात्र गोल करून पुढे जातं. पैशाचा हिशोब असेल तिथे मला ईथर्सचं वागणं जास्त पटतं. व्हिएम वापरत असाल तर ती तपासणी स्वतः घाला.

रिकाम्या उत्तराचं निदान डिकोडरमध्ये शोधू नका. ईथर्स ६ म्हणतं की उत्तराचा डेटा डिकोड करता आला नाही आणि किंमत नुसती 'शून्य-एक्स' दाखवतं. कॉल त्या पत्त्यावर गेला, पण तिथून एकही बाइट आला नाही. बहुतेक वेळा त्या पत्त्यावर त्या नेटवर्कवर कॉन्ट्रॅक्टच नसतो: चाचणी नेटवर्कचा पत्ता आणि प्रोव्हायडर (नेटवर्कशी जोडून देणारा) मात्र मुख्य नेटवर्कचा. गेटकोड मागा, तोही रिकामा आला तर उत्तर मिळालं. कोड आहे पण उत्तर रिकामं, असं असेल तर परतीचा प्रकार तपासा. काही जुनी टोकनं ट्रान्सफर केल्यावर मानकात सांगितलेला बूल परत देतच नाहीत, यूएसडीटी त्यातलंच. तिथे बूल असलेला एबीआय वापरला की डिकोड फसतं. कॉन्ट्रॅक्ट प्रॉक्सीमागे (कॉल पुढे दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टकडे पाठवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टमागे) असेल तर एक्सप्लोररवरून प्रॉक्सीचा नाही, अंमलबजावणीच्या कॉन्ट्रॅक्टचा एबीआय उचला, पण पत्ता प्रॉक्सीचाच द्या.

रिव्हर्टच्या डेटाचंही वाचन तेच. ०८सी३७९ए० नं सुरू झाला तर आत एक स्ट्रिंग आहे, रिक्वायरमध्ये लिहिलेला संदेश. ४ई४८७बी७१ असेल तर ते पॅनिक, आणि पुढच्या तुकड्यात कारणाचा क्रमांक असतो: ०१ असर्ट फसलं, ११ आकडा हद्दीबाहेर गेला, १२ शून्यानं भागाकार, ३२ अ‍ॅरेच्या बाहेरचा क्रमांक. हे क्रमांक हेक्समध्ये आहेत, दशमानात वाचू नका. तिसरं काही आलं तर तुमची स्वतःची एरर, जी सॉलिडिटी ०.८.४ पासून लिहिता येते. 'अनोळखी कस्टम एरर' असं ईथर्स सांगत असेल, तर ती एरर जावास्क्रिप्टला दिलेल्या एबीआयमध्ये नाही. हातानं लिहिलेल्या छोट्या एबीआयमध्ये लोक फंक्शन आणि इव्हेंट लिहितात आणि एररच्या ओळी गाळतात. शक्यतो कंपायलरनं दिलेला पूर्ण एबीआय वापरा. एरर दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टमधून वर आली असेल तर त्याच्याही एररच्या ओळी जोडा.

पॅक केलेल्या एन्कोडिंगला हात लावायचाच असेल तर एवढं पक्कं ठेवा: त्यात भरती नाही, लांबी नाही, ते परत उलगडता येत नाही. 'जळ' आणि 'गाव' अशा दोन स्ट्रिंग पॅक केल्या काय, किंवा 'जळगाव' आणि रिकामी स्ट्रिंग पॅक केल्या काय, बाइट तेच आणि हॅशही तोच. सहीसाठी किंवा किल्लीसाठी दोन बदलत्या लांबीचे घटक लागोपाठ पॅक करू नका, साधं एन्कोड वापरा.

लायब्ररीबद्दल शेवटचं. ईथर्समध्ये काम चालू असेल तर ईथर्स ६ वरच राहा. जुन्या लेखांत ईथर्स.युटिल्स.डिफॉल्टएबीआयकोडर दिसेल, ते ६ मध्ये एबीआयकोडर.डिफॉल्टएबीआयकोडर() झालंय. शिवाय पार्सट्रान्झॅक्शन आणि पार्सलॉगला सही सापडली नाही तर ६ एरर न देता नल देतं. तो नल तपासला नाही तर चूक दहा ओळी पुढे, भलत्याच जागी दिसते. डिकोडमधून मिळालेल्या रिझल्टमध्ये खराब यूटीएफ-८ असलेला घटक असेल तर एरर डिकोड करताना नाही, त्या घटकाला हात लावल्यावर येते, हेही ध्यानात ठेवा. टाइपस्क्रिप्टमध्ये नवं काही सुरू करत असाल तर व्हिएम चांगलं, कारण एबीआयवरून आर्ग्युमेंटचे प्रकार ते संपादकातच तपासतं. वेब३ ची देखभाल मार्च २०२५ मध्ये थांबली, त्यात नवं लिहू नका. ईथेरियमजेएस-एबीआय हे पॅकेज जुन्या कोडमध्ये सापडलं तर त्यातलं सॉलिडिटीशा३ पॅक केलेलं एन्कोडिंग वापरतं, हे लक्षात घेऊनच बदला.

चाचणी लिहिताना फक्त एन्कोड करून परत डिकोड करू नका. एबीआय चुकीचा असला तरी दोन्हीकडे तोच असल्यामुळे ती चाचणी पास होते. कॉन्ट्रॅक्टमध्ये एबीआय.एन्कोड करून देणारं एक छोटं फंक्शन ठेवा आणि त्याचे बाइट जावास्क्रिप्टच्या बाइटशी जुळवा. फाउंड्री हा साधनसंच वापरत असाल तर त्यातल्या कास्टच्या कॉलडेटा आणि डिकोड-कॉलडेटा या आज्ञांनीही ते होतं. चाचणीच्या नमुन्यांत एक रिकामी स्ट्रिंग, एक रिकामा अ‍ॅरे, बरोबर ३२ बाइटची स्ट्रिंग, त्याहून एक बाइट जास्त असलेली स्ट्रिंग, आणि 'केऱ्हाळे' तिन्ही रूपांत, एवढे असू द्या.